माणूस विमानानं, मसाला जहाजानं

माझा काळा मसाला माझ्या बराच आधी घरातून निघाला आणि मी पोचल्यावर कितीतरी आठवड्यांनी माझ्या हातात पडला. मायनं तो उन्हाळ्यातच कुटून ठेवला होता. पत्र्याचा डबा, तोंडाला सुती फडकं, त्यावर झाकण, झाकणाभोवती चिकटपट्टीचे वेढे. पारोळ्याहून गोवा, गोव्याहून केपटाउन, केपटाउनहून अंटार्क्टिका. गोव्यापासून पुढं त्याचा सगळा प्रवास पाण्यावरून झाला. मी मात्र केपटाउनला रात्री विमानात बसलो आणि सकाळी बर्फावर उभा होतो.

गावात हे सांगितलं की लोक म्हणतात, म्हणजे सहा तासांचंच अंतर की! विमानाचे तास खरे आहेत. पण मी तिथं जनरेटरवर काम केलं, आणि माझा हिशेब वेगळा आहे. माणूस पोचला म्हणजे काहीच पोचलं नाही. त्याचं जेवण, इंधन, औषधं, फिल्टर, गास्केट, बल्ब, सगळं समुद्रानं येतं आणि वर्षातून एकदाच येतं. हा प्रवास नीट सांगायचा तर दोन्ही वाटा सांगाव्या लागतील.

मी डिझेल मेकॅनिक. आयटीआय झाल्यापासून डीजी सेटवरच, म्हणजे डिझेल जनरेटरवरच, हात बसला. जिनिंग, कोल्ड स्टोरेज, दवाखाने, मंगल कार्यालयं. आपल्याकडं मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा जनरेटरच्या खोलीत उभं राहणं काय असतं ते खानदेशातल्या मेकॅनिकला सांगायला नको. अंटार्क्टिकातल्या आपल्या मैत्री स्टेशनच्या हिवाळी तुकडीत माझी निवड झाली तेव्हा आबांनी एकच प्रश्न विचारला, "कितलं लांब शे ते?" मी भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर दाखवायला गेलो, तर नकाशाच्या तळाला नुसती पांढरी पट्टी. तिच्यात मैत्री कुठं, ते बोटानं दाखवताच येईना.

भुसावळला गोवा एक्सप्रेसमध्ये बसलं की गाडी न बदलता वास्कोला उतरता येतं, आणि राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र वास्कोलाच आहे, हेडलँड सड्यावर. भारताची पहिली मोहीम ६ डिसेंबर १९८१ ला गोव्याहूनच निघाली. डॉ. सय्यद झहूर कासिम प्रमुख, बरोबर सगळे मिळून २१ जण, आणि 'पोलर सर्कल' नावाचं भाड्यानं घेतलेलं नॉर्वेचं जहाज. ९ जानेवारी १९८२ ला ते बर्फावर उतरले. महिनाभर समुद्र. आता विमानं आहेत म्हणून ती वाट जुनी झाली असं समजू नका. कोविडच्या काळात, जानेवारी २०२१ मध्ये, चाळिसावी मोहीम पुन्हा गोव्याहूनच जहाजानं गेली होती.

दिल्लीला एम्समध्ये तपासण्या झाल्या. शरीराच्या झाल्या आणि मनाच्याही झाल्या, कारण तिथं हिवाळ्यात अडकलेल्या माणसाला परत आणायची सोय नसते. मग उत्तराखंडात औलीला आयटीबीपीच्या, म्हणजे भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या, संस्थेत बर्फावर चालणं, दोर बांधणं, बर्फातल्या भेगेत कोणी पडला तर त्याला वर काढणं. मी आयुष्यात बर्फ पाहिला होता तो उसाच्या रसाच्या गाडीवरचा. तिथल्या जवानांनी फार आस्थेनं शिकवलं.

केपटाउनला पोचल्यावरची एक गोष्ट मला सविस्तर सांगायची आहे, कारण ती कोणी विचारत नाही आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. निघण्याआधी प्रत्येकाचे बूट, पिशव्या, जॅकेटचे खिसे, वेल्क्रोच्या पट्ट्या तपासून साफ करायच्या असतात. अंटार्क्टिकात बाहेरची माती आणि बी जाता कामा नये. १९९१ च्या माद्रिद करारानं हे सगळं बांधून दिलंय, आणि आपल्याकडं २०२२ पासून त्यासाठी वेगळा कायदाही आहे. ध्रुवावरचे कपडे आणि बूट केंद्रानं दिलेले, त्यांत काही नव्हतं. पण माझी हत्यारांची पिशवी माझी स्वतःची होती, वर्षानुवर्षं वापरलेली. तिच्या तळाच्या शिवणीत आपली काळी माती बसलेली होती, वाळून दगड झालेली. टोच्यानं उकरली तर तिचे पापुद्रे निघाले. मग वेल्क्रो. दाभणाच्या टोकानं एकेक काढत गेलो तर कापसाचा पेळू, गवताची कुसळं, आणि आघाड्याचं बी. आघाडा कपड्याला कसा चिकटतो ते शेतात गेलेल्याला माहीत आहे. ते बी मी पांढऱ्या कागदावर ठेवलं. आमच्या बांधावरून निघून, दोन खंड ओलांडून ते तिथवर आलं होतं, आणि ते तिथंच थांबणार होतं.

हा काही नुसता शिस्तीचा सोस नाही. अंटार्क्टिकाच्या द्वीपकल्पाकडच्या किंग जॉर्ज बेटावर, पोलंडच्या आर्क्टोव्स्की स्टेशनजवळ, १९८५ मध्ये एक साधं गवत उगवलेलं सापडलं. पोआ ॲनुआ त्याचं नाव, बागांत, रस्त्याकडेला वाढणारं. माणसांबरोबर आलं आणि रुजलं. एकदा रुजलेलं तण काढायला काय लागतं ते शेतकऱ्याच्या पोरानं काय सांगावं! मी ती पिशवी पुन्हा एकदा उलटी करून झटकली.

मग वाट पाहणं. विमान तयार असतं, माणसं तयार असतात, पण तिकडच्या धावपट्टीवर हवा साफ असल्याशिवाय उड्डाण नाही. आज नाही, उद्या बघू. सामान भरून ठेवलेलं, बूट दाराशी. आबांचा फोन यायचा, "निंघना का रे भाऊ?" नाही म्हटलं की गप्प बसायचे, मग कपाशीला काय भाव आहे ते सांगायचे.

विमान इल्युशिन-७६. रशियन, चार इंजिनांचं, मालवाहू. अकरा देशांनी मिळून ड्रॉमलान नावाची हवाई सोय उभी केली आहे, भारत त्यात आहे, आणि त्या सोयीतून हे विमान केपटाउन ते नोवो असं जातं. नोवो म्हणजे मैत्रीजवळचं रशियाचं नोवोलाझारेवस्काया स्टेशन. आत शिरलं की विमान वाटतच नाही. पुढं खुर्च्या बसवलेल्या, मागं जाळ्यांनी करकचून बांधलेला माल, खिडक्या नावालाच. कानात घालायला बोळे देतात. मी थोडा वेळ ते काढून ऐकलं. मोठं इंजिन जवळून ऐकायची संधी मेकॅनिक सोडत नाही. चारही इंजिनं एका सुरात चाललेली आणि अंगाखालची फरशी त्याच सुरात थरथरत होती.

निम्म्याहून जास्त वाट गेल्यावर सगळ्यांनी ध्रुवावरचे कपडे घालायचे. दाटीवाटीत एकमेकांना धरून पायात ते जाड बूट चढवणं, शास्त्रज्ञ असो, स्वयंपाकी असो, सगळे सारखेच अवघडलेले. शेजारच्या एका वयस्कर शास्त्रज्ञांना वाकता येईना, तर आमच्यातल्या वेल्डरनं खाली बसून त्यांच्या बुटांच्या नाड्या बांधल्या. तेव्हा वाटलं, चला, ही माणसं चांगली आहेत, वर्ष निघेल.

नोवोची धावपट्टी निळ्या बर्फाची, सुमारे तीन किलोमीटर लांब. वाऱ्यानं वरचा भुसभुशीत बर्फ उडून जातो आणि खाली दाबून घट्ट झालेला, काचेसारखा बर्फ राहतो. त्यावर चाकांचं विमान उतरतं. अशा जागी ब्रेकवर भिस्त ठेवता येत नाही, इंजिनाचा जोर उलटा फिरवून वेग मारावा लागतो. चाकं टेकली ते कळलं, आणि लगेच चारही इंजिनं अशी गरजली की बोळे घातलेल्या कानांतही ती घुमली. बराच वेळ धावलो. थांबलो. मागचा मोठा दरवाजा उघडला आणि आत इतका उजेड आला की डोळ्यांवर आधी हात गेला, मग चष्मा.

भारती या आपल्या दुसऱ्या चालू स्टेशनच्या लोकांचा प्रवास इथं संपत नाही. भारती मैत्रीपासून साधारण ३,००० किलोमीटर पूर्वेला, लार्समन टेकड्यांत. कधी ते जहाजानं थेट जातात, कधी नोवोहून बासलर बीटी-६७ नावाच्या छोट्या विमानानं. हे विमान म्हणजे जुनं डीसी-३, दुसऱ्या महायुद्धातलं डकोटा, नव्या टर्बोप्रॉप इंजिनांनिशी. मूळचं ते १९३५ चं. सांगाडा जुना, काळीज नवं, पायाला स्की. मी त्याच्याभोवती एक चक्कर मारली आणि रिव्हेटवरून हात फिरवला. चांगलं बनवलेलं यंत्र, काळजी घेतली तर किती चालतं!

मैत्री शिरमाकर ओॲसिसवर आहे, उघड्या खडकावर. खडक निवडण्याचं कारण आहे. आपलं पहिलं स्टेशन, दक्षिण गंगोत्री, १९८३-८४ मध्ये बर्फावर उभारलं होतं, ते हळूहळू बर्फाखाली गेलं. १९८९ पासून मैत्री चालू आहे. शेजारी प्रियदर्शिनी तळं, त्याचंच पाणी.

आधीच्या जनरेटर मेकॅनिककडून ताबा घेतला. त्यानं स्टोअर दाखवलं. रॅकवर फिल्टर, बेल्ट, नोझल, गास्केट ओळीनं, प्रत्येकावर चिठ्ठी. मी पहिल्यांदा तेल बदललं तेव्हा लावलेला फिल्टर त्यानं मागवलेला होता, आणि त्याच्या इंडेंटवर, म्हणजे मागणीपत्रावर, सही होऊन तो समुद्रानं आला तेव्हा माझं नावही तिथं कोणाला ठाऊक नव्हतं. मी जे मागवणार ते माझ्या नंतरच्याला मिळणार. तिथली सगळी कामं अशी चालतात. आपल्याकडं एखादा ओ-रिंग नसला तर पोराला मोटारसायकलवर जळगावला पाठवतो, संध्याकाळपर्यंत काम उरकतं. तिथं जो ओ-रिंग यादीत नाही तो पुढच्या जहाजापर्यंत नाही.

म्हणून जहाज येणार म्हटलं की स्टेशनचा नूर बदलतो. जहाज स्टेशनपर्यंत येत नाही. ते इंडिया बे ला बर्फाच्या कड्याला लागतं, आणि तिथून मैत्री शंभरेक किलोमीटर आत. मधे रस्ता नाही. पिस्टनबुली नावाच्या पट्ट्यांच्या गाड्या मागं स्लेज जोडून रांगेनं जातात. मी गाड्यांबरोबर मेकॅनिक म्हणून गेलो. पुढच्या गाडीनं आखून दिलेल्या वाटेवरून हलायचं नाही, कारण बाजूला भेगा असू शकतात, वरून बर्फानं झाकलेल्या. हवा बिघडली आणि आभाळ नि जमीन एकच झाली की पुढच्या गाडीचा दिवाही दिसत नाही. थांबायचं, इंजिन चालू ठेवायचं, रेडिओवर एकमेकांची हजेरी घ्यायची.

आणि मग कड्याच्या टोकाला ते जहाज दिसलं. इतके दिवस पांढरा, निळा आणि खडकाचा तपकिरी सोडून रंग नव्हता, त्यात ती रंगवलेली भिंत. क्रेन फिरत होत्या, हेलिकॉप्टरच्या पोटाखाली जाळीत माल लोंबत होता. उन्हाळ्यात तिथं रात्र होत नाही, तेव्हा कामही थांबत नाही. हवा चांगली आहे तोवर उतरवून घ्यायचं. पाळ्या लावून झोपायचं.

सगळ्यात आधी इंधन. तिथं साधं डिझेल कामाचं नाही, थंडीत त्यातलं मेण धरतं आणि फिल्टर तुंबतो. आमच्या सेटला विमानाचं इंधन लागायचं, जेट ए-वन, रॉकेलच्याच जातीचं, उणे ४७ अंशांपर्यंत न गोठणारं. टाक्या स्लेजवर चढवून आत न्यायच्या. एक थेंब बर्फावर सांडू नये म्हणून प्रत्येक जोडाखाली ट्रे आणि शोषून घेणारं कापड. या इंधनावर इंजिन, इंजिनावर उजेड, ऊब, पाणी, रेडिओ. नळी जोडताना माझे हात सावकाश चालायचे.

मसाल्याचा डबा खाण्याच्या मालाबरोबर आला. झाकण उघडल्यावर जो वास आला त्यानं स्वयंपाकघरातले सगळे वळून बघायला लागले. आमचा स्वयंपाकी उत्तराखंडचा. मी सांगत गेलो, तो करत गेला. बेसनाची जाड शेव त्यानं स्वतः पाडली, सुकं खोबरं नि कांदा भाजला, आणि त्या दिवशी मैत्रीला शेवभाजी झाली. तर्री चांगली लाल-काळी आली होती. केरळचा एक शास्त्रज्ञ घाम पुसत पुसत तिसऱ्यांदा घेत होता.

मग जहाज निघालं. उन्हाळ्यापुरते आलेले सगळे त्यातून परत गेले, आम्ही कड्यावर उभे राहून हात हलवले. मार्चनंतर नोव्हेंबरपर्यंत कोणी येत नाही, कोणाला जाता येत नाही. त्या हिवाळ्याबद्दल, दोन महिने न उगवणाऱ्या सूर्याबद्दल, वेगळं लिहीन. तो प्रवास नव्हे, तो मुक्काम आहे.

पुढच्या उन्हाळ्यात ताबा देऊन मी जहाजानं परत आलो. विमानात जागा मिळाली असती तरी मला जहाजच हवं होतं. आमच्याबरोबर आमचा सगळा कचरा होता. जळकं तेल ड्रममध्ये, जुन्या बॅटऱ्या, भंगार, डबे, सगळं मोजून बंद केलेलं. करार असा की नेलेलं परत आणायचं. मी वर्षभर काढलेलं जळकं तेल माझ्याच देखरेखीखाली जहाजात चढलं. आपल्याकडच्या गॅरेजांमागची काळी पडलेली जमीन मला तेव्हा आठवली आणि वाईट वाटलं. ही सवय आपल्याला इथंही लागू शकते, त्याला बर्फ लागत नाही.

बर्फाचे तुकडे संपले आणि मोकळा समुद्र लागला तसं जहाज लोळायला लागलं. बर्फ फोडायला बनवलेल्या जहाजाचं पोट गोलसर असतं, ते बर्फात शहाणं आणि लाटेत अस्वस्थ. त्या अक्षांशांवर वाऱ्याला अडवायला जमीनच नाही, तो पृथ्वीभोवती फिरत राहतो. खलाशांनी त्या पट्ट्यांना नावं ठेवलीत, स्क्रीमिंग सिक्स्टीज, फ्युरियस फिफ्टीज, रोअरिंग फोर्टीज. आम्ही ती याच क्रमानं ओलांडली. बंकला पट्ट्यानं बांधून झोपायचं. ताटाखाली ओलं फडकं, म्हणजे ते घसरत नाही. पहिले काही दिवस पोटात काही ठरलं नाही, मग इंजिनरूममध्ये जायला परवानगी मिळाली आणि बरं वाटलं. खाली, जहाजाच्या मध्यावर, हेलकावा कमी असतो. तिथल्या मुख्य इंजिनिअरला मराठी नाही, मला रशियन नाही. त्यानं टॉर्च दिली, मी बेअरिंगला कान लावला, त्यानं मान डोलावली.

त्या दिवसांत मला ते अंतर खऱ्या अर्थानं कळलं. रोज उठावं तर तेच पाणी, तोच वारा, आणि नकाशावरचा ठिपका बोटभर वर. या पाण्यातून आमचा तांदूळ आला होता, डाळ आली होती, फिल्टर आले होते. जाताना रात्रीत ओलांडलेलं ते हेच. आबांच्या प्रश्नाचं उत्तर मला जहाजावर मिळालं, आणि घरी पोचल्यावर मी त्यांना ते किलोमीटरमध्ये सांगितलं नाही, दिवसांत सांगितलं. ते त्यांना लगेच पटलं.

आता आयटीआयच्या पोरांसाठी. अंटार्क्टिकाला फक्त शास्त्रज्ञ जातात हे डोक्यातून काढा. हिवाळी तुकडीत डॉक्टर असतो, स्वयंपाकी असतो, जनरेटर मेकॅनिक, गाड्यांचा मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, प्लंबर असतात. वास्कोच्या केंद्राकडून या जागांच्या जाहिराती निघतात, त्यांच्या संकेतस्थळावर लक्ष ठेवा. तुमच्या ट्रेडचा अनुभव खरा हवा आणि त्याचे दाखले नीट हवेत, कारण तिथं शेजारच्या दुकानातून उस्ताद बोलावता येत नाही. दात आधीच दुरुस्त करून घ्या. आणि पासपोर्ट काढून ठेवा. धुळे, जळगाव, नंदुरबारची कितीतरी हुशार पोरं मी पाहिली आहेत, हात सोन्याचे, पण पासपोर्ट नाही म्हणून अर्जच करत नाहीत.